बेळगाव भागात सोनं शोधायचं खूळ लागलंय? आधी ओढा कुणाचा ते बघा

यूट्यूबवर कुणीतरी नदीकाठी उकिडवा बसून ताटलीत वाळू फिरवतोय आणि शेवटी काठाला पिवळी रेघ उरते, असले व्हिडिओ बघून आमच्यातल्या चार जणांना खूळ लागलं, त्यात मी एक. ज्याला त्याला पहिला प्रश्न हाच पडतो, कुठल्या ओढ्यात मिळेल गा? दोन वर्षं हे सगळं करून, तीन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून आणि एकदा चांगलंच तोंडावर पडून मी आता उलटा प्रश्न विचारतो, तो ओढा कुणाचा?

व्हिडिओतले बहुतेक लोक अमेरिकेतले असतात. तिकडं 1872 चा खाणींचा कायदा आहे, आणि बीएलएम नावाचं खातं सांभाळतं त्या सरकारी जमिनीवर, जिथं बंदी नाही आणि दुसऱ्या कुणाचा क्लेम, म्हणजे खनिज काढायचा नोंदवलेला हक्क, लागलेला नाही तिथं, ताटली-फावडं घेऊन छंदापुरतं बसायला सहसा कुणी अडवत नाही, म्हणून ते लोक क्लेम कसे तपासायचे, नकाशे कसे बघायचे यावर तासतासभर बोलतात. आपल्याकडं कायद्यात छंदाचा कप्पाच नाही. 1957 चा खाण-खनिज कायदा, ज्याला सगळे एमएमडीआर म्हणतात, त्याचं कलम 4 सरळ सांगतं की लायसन किंवा लीज असल्याशिवाय कुणी खनिज शोधायचं पण नाही आणि काढायचं पण नाही, आणि विनापरवाना वाहतूक-साठवण पण नाही. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी 5 लाखांपर्यंत दंड, वर हत्यारं आणि गाडी जप्त होऊ शकते. सोन्याची लायसनं 2015 पासून लिलावात गेलीत, म्हणजे ती कंपन्यांची कामं, तुमच्या-माझ्या परातीची नव्हेत. एक ग्रॅम की एक किलो हा फरक कलम 4 करत नाही.

मग हा लेख कशाला, असं म्हणाल. तर फिरायला, दगड बघायला, फोटो काढायला, जुन्या खाणींच्या खुणा बघायला जायचं तरी जागा कुणाची हे कळावं लागतं, आणि एखाद्या कॉलेजच्या सहलीबरोबर किंवा लेखी परवानगी मागून ओढ्याची वाळू तपासायची असली तर अर्जावर सर्व्हे नंबर लिहावाच लागतो. 'तो वडाच्या झाडाजवळचा ओढा' असं लिहिलं तर अर्ज टेबलावरनं पुढं सरकत नाही.

आता पहिलं काम घरबसल्या. चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी, अथणी हा आपला उत्तरेकडचा पट्टा बहुतेक काळ्या दगडाचा, म्हणजे डेक्कन ट्रॅप, बसाल्ट. त्यात सोन्याच्या शिरा नसतात, उगीच रविवार घालवू नका. हिरण्यकेशी नावात सोनं मिरवते, पण आंबोलीकडनं उतरून आजरा-गडहिंग्लज करत संकेश्वरकडं येते ती याच काळ्या दगडातनं, त्यामुळं नावावर जाऊ नका. गोकाकच्या धबधब्याचा दगड वेगळा, तो कलादगीचा वाळूचा दगड. सोन्याच्या दृष्टीनं बघायचे ते ट्रॅपच्या खालचे जुने धारवाडी शिस्ट दगड, ते आपल्या जिल्ह्यात दक्षिणेला, खानापूर, कित्तूर, बैलहोंगल, सौंदत्तीकडं कुठं कुठं उघडे पडलेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचं भूकोश नावाचं पोर्टल आहे, अकाउंट काढलं की दगडांचा नकाशा फुकट बघायला मिळतो, मोबाईलवर वैताग येतो म्हणून लॅपटॉपवरच उघडा.

दुसरी वाचायची गोष्ट म्हणजे जुनं मुंबई सरकारचं गॅझेटियर, बेळगावचा खंड 21 आणि धारवाडचा खंड 22, दोन्ही 1884 चे, स्कॅन केलेले फुकट सापडतात. वाचताना एक अडचण येते, त्यातले तालुके आजचे नाहीत. संपगाव तालुका लिहिलंय म्हणजे साधारण आजचा बैलहोंगलकडचा भाग, परसगड म्हणजे सौंदत्ती. मी पहिल्यांदा 'परसगड' गूगलवर टाकून किल्ल्याचे फोटो बघत बसलो होतो.

धारवाड खंडात जालगारांचं वर्णन आहे, म्हणजे डंबळच्या डोंगराच्या ओढ्यांत वाळू धुऊन सोनं काढणारे लोक. हे डोंगर म्हणजे आजचा गदग जिल्ह्यातला कप्पतगुड्ड. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भवाल्या साहेबानं 1874 मध्ये याच डोंगराच्या सोन्याच्या दगडांवर लिहून ठेवलंय. आणि आपल्या मराठी माणसाला गंमत वाटेल, तिथल्या जुन्या खाणींपैकी एकीचं नावच 'सांगली' आहे, कारण तिकडचा शिरहट्टी तालुका सांगली संस्थानात होता, जसं आपलं बेळगावचं शहापूर होतं. म्हणजे शहापूरचा सराफ कट्टा आणि शिरहट्टी, दोन्ही पटवर्धनांच्या खाली. हे वाचून आम्ही लगेच गाडी काढायला निघालो होतो, नशीब एकानं आधी तपासलं. कप्पतगुड्ड 2019 पासून वन्यजीव अभयारण्य आहे, 244 चौरस किलोमीटरचं. तिथं परात घेऊन जाणं म्हणजे खाणीचा कायदा आणि वन्यजीवांचा कायदा, दोन्ही एकदम अंगावर. गेट, रस्ते, वेळा विचारून फिरायला जा, हात लावू नका.

आता जमिनीकडं येऊ, खरी मेहनत इथं आहे.

मोबाईलवर दिशांक नावाचं ॲप घ्या, कर्नाटक सरकारचंच आहे, फुकट. ओढ्यावर उभं राहून उघडलं की तुम्ही कुठल्या गावात, कुठल्या होबळीत (तालुक्यातला गावांचा गट), कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहात ते सांगतं. घरी बसून नकाशावर बोट ठेवलं तरी चालतं. पण हे ॲप म्हणजे जुना गावनकाशा उपग्रहाच्या फोटोवर ताणून बसवलेला असतो, त्यामुळं हद्दीची रेघ जागेवरच्या बांधापासनं सरकलेली असू शकते, आमच्या एका ठिकाणी तर रेघ सरळ विहिरीच्या मधोमध गेलेली. सर्व्हे नंबर कुठला हे कळायला ॲप झकास, हद्द नेमकी कुठं यासाठी त्यावर भांडू नका.

नंबर मिळाला की भूमी, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या साइटवर जाऊन आरटीसी बघायची, म्हणजे पहाणी, आपल्यातली जुनी माणसं अजून उताराच म्हणतात. जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, मग सर्नोक म्हणून एक रकाना येतो, त्यात बहुतेक वेळा नुसती चांदणी असते, ती निवडा, आणि मग हिस्सा नंबर. नुसतं बघायला पैसे लागत नाहीत. गावाची नावं सरकारी स्पेलिंगनं असतात, आपण बोलतो तशी नव्हेत, म्हणून यादीत सापडलं नाही तर खाली-वर बघा, गाव गायब झालेलं नसतं.

उतारा कन्नडमध्ये येतो. ज्यांना वाचता येतं त्यांचं बरं, बाकीच्यांनी कुणालातरी शेजारी बसवा किंवा फोनचा कॅमेरा ट्रान्सलेट लावा, पण ट्रान्सलेटवर फार भरवसा नको, त्यानं मला एकदा गायरानाचं 'गाईची माळ' करून दिलं. खरंतर पाच-सहा शब्द ओळखता आले की काम होतं. सरकार हा शब्द तसाच आहे. गोमाळ म्हणजे गायरान. अरण्य म्हणजे फॉरेस्ट. हळ्ळ म्हणजे ओढा. केरे म्हणजे तलाव. आणि खराब म्हणजे आपलं पोटखराब.

यातलं पोटखराब नीट समजून घ्या. तिसऱ्या कॉलमला एकूण क्षेत्र असतं आणि त्याखाली खराब अ आणि खराब ब. अ म्हणजे पिकाला निकामी, खडक वगैरे, पण त्या माणसाच्याच जमिनीतलं. ब म्हणजे सार्वजनिक कामासाठी सोडलेलं, रस्ता, पाणंद, ओढा असलं. म्हणजे एखाद्याच्या नावावर 4 एकर आहे आणि त्यातले 6 गुंठे ब खराब आहेत, तर ते 6 गुंठे ओढ्याचे असू शकतात, आणि शेतकरी मात्र मनापासून सांगत असतो की ओढा माझाच. त्याच्याशी वाद घालायचा नाही, चहा घ्यायचा. क्षेत्र वाचताना 2.10.00 दिसलं तर ते 2 एकर 10 गुंठे, दशांश नव्हे, 40 गुंठ्यांचा एकर. नववा कॉलम मालकाचं नाव. तिथं सरकार दिसलं की आपली पोरं खूष होतात, तेवढ्यात खूष व्हायचं नाही, अकरावा कॉलम पण बघायचा, तिथं हक्क-बोजे असतात, कधी जमीन कुठल्या खात्याला दिलीय ते पण तिथंच कळतं.

मोठ्या ओढ्याला बऱ्याचदा सर्व्हे नंबरच नसतो, गावनकाशावर दोन रेघांच्या मधी नुसता मोकळा पट्टा. त्याचा उतारा निघत नाही म्हणून तो बेवारस नव्हे. 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 67 नुसार नद्या, ओढे, नाले, तलाव, सार्वजनिक रस्ते, ज्याची मालकी दुसऱ्या कुणी सिद्ध केलेली नाही ते राज्य सरकारचं. यावर आमच्यातला एकजण हमखास म्हणतो, सरकारचं म्हणजे आपलंच की! तर तसं नाहीये. गायरान सरकारी असलं तरी ते त्या गावच्या जनावरांसाठी, रेंजचं जंगल सरकारी असलं तरी तिथं फॉरेस्टचा कायदा, धरणाचं बुडीत क्षेत्र सरकारी असलं तरी ते पाटबंधारेवाल्यांचं. मालक एकच, पण राखणदार वेगळे आणि नियम पण वेगळे, त्यामुळं 'सरकारी' असं कळलं की शोध संपत नाही, कुठल्या खात्याचं हे शोधायला तिथनं सुरुवात होते.

गावनकाशे पण त्याच भूमी खात्याच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतात. त्यात ओढ्यापर्यंत जायला नकाशावरची गाडीवाट किंवा पायवाट आहे का बघा. ओढा सरकारी आणि भोवती चारी बाजूंनी खाजगी ऊस, असं असलं तर तुम्ही हेलिकॉप्टरनं उतरणार आहात काय? वाट नसेल तर शेतकऱ्याला विचारूनच जायचं, आणि बांधावरनं जायचं, सरीतनं नव्हे.

आता माझं तोंडावर पडणं सांगतो, कारण त्यातनं जे शिकलो ते कुठल्या साइटवर लिहिलेलं नाही. खानापूर तालुक्यातला एक ओढा होता. तेव्हा कलम 4 वगैरे काय माहीत नव्हतं. उतारा काढला, खाजगी जमीन, मालक ओळखीतनं निघाले, काकांनी जावा की बघून या म्हणाले, वर ताकही दिलं. ओढ्यावर गेलो तर वाळूचा चांगला थर वळणाच्या आतल्या अंगाला, म्हणजे पलीकडच्या काठाला. घोट्याएवढं पाणी, चार पावलं टाकली आणि पलीकडं जाऊन बसलो. अर्ध्या तासात फॉरेस्टचा गार्ड मोटरसायकल वर लावून खाली उतरला, परात बघितली, आम्हाला बघितलं, आणि पहिला प्रश्न, "बंगार सिक्तेन्री?" म्हणजे सोनं गावलं काय. आम्ही हसलो, तो हसला नाही. तो काठ रिझर्व्ह फॉरेस्ट होता, दगडाची हद्दखूण आमच्या मागं वीस पावलांवर झुडपात उभी होती, आम्ही बघितलीच नव्हती. परातीचा, खोऱ्याचा, आमच्या गाडीच्या नंबरचा फोटो काढला, कागदावर लिहून घेतलं आणि सोडलं. त्याचं काय चुकलं नाही, आमचंच चुकलं. ओढा ही बऱ्याच ठिकाणी हद्दच असते, म्हणून दोन्ही काठांचे सर्व्हे नंबर वेगवेगळे काढायचे, आणि वळणं सरकलेली असतील तर वरच्या-खालच्या नंबरांचे पण.

फॉरेस्टचं तपासायला नुसता उतारा पुरत नाही. काही ठिकाणी उताऱ्यावर अरण्य लिहिलेलं असतं, काही ठिकाणी सरकारच लिहिलंय आणि जागा मात्र नोटिफाय झालेलं जंगल. के-जीआयएस या कर्नाटक सरकारच्या नकाशांच्या पोर्टलवर जंगलाच्या हद्दीचा लेअर लावून बघता येतो, पण शेवटचा शब्द रेंज ऑफिसचा. खानापूरच्या पश्चिमेला तर विचारल्याशिवाय जाऊच नका, भीमगड अभयारण्य 2011 पासून आहे, जवळजवळ 190 चौरस किलोमीटर, तिथं आत जायला पण परवानगी लागते, आणि आजूबाजूला गवे आहेत, अस्वलं आहेत, ते सर्व्हे नंबर विचारत नाहीत. रिझर्व्ह फॉरेस्टमधनं दगड-माती उचलणं हा 1963 च्या कर्नाटक फॉरेस्ट ॲक्टखाली गुन्हा आहे, आठवण म्हणून खिशात टाकलेला गारगोटीचा तुकडा पण त्यातच आला.

धरणाचं थोडक्यात. मार्चनंतर हिडकल आणि नविलुतीर्थचं पाणी उतरतं, मोठी मोकळी मैदानं पडतात, लोक तिथं जनावरं चारतात, पिकं पण घेतात, म्हणून ती मोकळी वाटतात. ती संपादन झालेली जमीन आहे, धरणवाल्या खात्याची. राकसकोप तर शहराच्या पिण्याचं पाणी, तिकडं विषयच काढू नका. कॅम्प भागातली आणि शहराभोवतालची मिलिटरीची जमीन पण तशीच, नकाशावर ओढा कितीही छान दिसू दे. आणि किल्ला, जुनं देऊळ असलं की मेटल डिटेक्टर गाडीतच ठेवायचा. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर ते आपोआप सापडणाऱ्याचं होत नाही, त्याला गुप्तधनाचा वेगळा कायदा आहे, कळवावंच लागतं.

चंदगडकडं पाहुणे असलेल्यांसाठी एक गोष्ट. हद्द ओलांडली की भूमी, दिशांक काही उपयोगाचं नाही, तिकडं महाभूलेख आणि सातबारा, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. खनिजाचा कायदा केंद्राचा, तो दोन्हीकडं तोच, फक्त ऑफिस बदलतं, इकडं बेळगावचं खाण आणि भूविज्ञान खातं, तिकडं कोल्हापूरचं खनिकर्म. 'महाराष्ट्रात चालतं' असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

कागद बघून झाले की माणसं. तलाठ्याला भेटा, सरकारी नाव आता बदललंय पण आपण तलाठीच म्हणतो. सकाळी लवकर नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल ऑफिसात सापडतात, दुपारनंतर गावोगाव फिरतीवर. सोन्याचं नाव पहिल्या वाक्यात काढू नका, म्हणजे लपवायचं म्हणून नव्हे, पण 'सोनं' म्हटलं की पुढची दहा मिनिटं चेष्टेत जातात आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं. ओढ्याची हद्द आणि वाट बघायची आहे, दगडांचा अभ्यास करतो, असं खरं तेच सांगा. ग्रामपंचायतीकडनं नुसतं माहीत असावं म्हणून सांगून ठेवा, पण पंचायतीनं हो म्हटलं म्हणजे खनिजाची परवानगी मिळाली असं होत नाही, तो अधिकारच त्यांचा नव्हे. शेतमालकाचं पण तेच, तो वाट देऊ शकतो, जमिनीखालच्या सोन्याची परवानगी नाही.

तोंडी उत्तर नको असेल तर माहितीचा अधिकार. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून खाण खात्याला विचारा की अमुक गाव, अमुक सर्व्हे नंबर, इथं कुठलं लीज, लायसन किंवा लिलावाचा ब्लॉक आहे का, नकाशाची प्रत द्यावी. 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत असा नियम आहे, आमचा पहिला अर्ज दोन पानी होता, आला परत. भाषा इंग्लिश किंवा कन्नड ठेवा, मराठीत दिलेला अर्ज घ्यायला हवा की नको यावर खिडकीत उभं राहून वाद घालण्यात आपली हयात गेलीय, निदान सोन्यासाठी तरी तो नको. फॉरेस्टसाठी आणि तहसीलदारांसाठी वेगवेगळे अर्ज, एकात कोंबू नका.

आणि खरंच ओढ्यात वाळू धुवून बघायची असेल तर भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला तरी गाठा, धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटीत तो विभाग आहे. त्यांच्या अभ्यासाच्या कामात, त्यांच्या परवानगीच्या कागदावर, मदतनीस म्हणून गेलात तर जालगारांच्या ओढ्यांविषयी आठवड्यात जे कळेल ते एकट्यानं वर्षात कळणार नाही.

तोवर हात बसवायला घरचं अंगण पुरतं. बांधकामावरनं घमेलंभर वाळू मागून आणा, एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू पण चालते. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिशाचे बारके मणी वीस मोजून त्यात मिसळा. सोनं पाण्याच्या 19 पट जड, शिसं 11 पट, साधी गारेची वाळू अडीच पटीच्या जरा वर, म्हणजे शिसं राखता आलं तर तेवढ्याच आकाराचं सोनं राखणं त्याहून सोपं. रुंद परातीत पाणी घ्या आणि आधी जोरात हलवा म्हणजे जड ते तळाला बसतं, मग परात पुढं कलती करून वरचं वरचं पाण्याबरोबर सोडत जा. आजी तांदूळ रोळताना करायची ना, पातेलं झुलवत तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात सोडायचे आणि खडे तळाला राहायचे, हुबेहूब तेच, फक्त इथं खडे ठेवायचे आणि तांदूळ फेकायचे. घाई केली की सगळंच जातं. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते, ती बहुतेक मॅग्नेटाइट, जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरनं फिरवा, केसासारखी उभी राहून चिकटते. चकचकीत पातळ पापुद्रा पाण्यावर तरंगला तर तो अभ्रक. पिवळं काहीतरी हातोडीनं ठोकल्यावर भुगा झालं तर ते पायराइट, सोनं चपटं होतं, फुटत नाही.

स्वयंपाकाची परात घेऊ नका, शिसं आहे, हात साबणानं धुवा. परातीखाली दुसरं घमेलं ठेवा नाहीतर मणी गटारात जातात. माझे वीसपैकी एकोणीस येतात आता, विसावा कधी कधी.